भांडणाऱ्यांचा अनुराग

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात, जयप्रकाश नारायण यांच्या नावाने वसलेल्या जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ नावाचे एक नाट्यगृह आहे. २००४ साली ते उघडले, आणि तेथील एक नियम लवकरच सर्वतोमुखी झाला: साडेसात वाजले की दारे बंद. उशिरा येणारा कितीही मोठा असो, त्याने बाहेरच राहावे. पहिला अंक निम्मा झाल्यावर काळोखात खुर्ची चाचपडीत येण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा नियम जाचक वाटेल. परंतु एका जातीच्या नाटकाला तो फार मानवतो. ते नाटक म्हणजे भांडकुदळ जोडप्याच्या प्रेमाचे. दोघांनाही लग्न नको असते, एकमेकांशी तर मुळीच नको असते, आणि पडदा पडायच्या सुमारास दोघेही गळ्यापर्यंत प्रेमात बुडालेले असतात. पहिल्या दहा मिनिटांतली खोचक उत्तरे ज्याच्या कानांवर पडली नाहीत, त्याला शेवटची शरणागती गोड कशी लागावी?

हे नाट्यगृह उभे राहिले तेही एका जोडप्याच्या पायी. अरुंधती नाग मुंबईत मराठी, गुजराती व हिंदी रंगभूमीवर कामे करीत होत्या. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांची गाठ शंकर नाग या नटाशी पडली. पुढे लग्न झाले, बिऱ्हाड बंगळुरास गेले. ‘मालगुडी डेज’ ही दूरदर्शनवरची मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना दिग्दर्शक शंकर नाग ठाऊकच असतील. १९९० साली मोटार-अपघातात ते गेले, तेव्हा ते अवघे पस्तीस वर्षांचे होते. पुढची कित्येक वर्षे खटपट करून अरुंधतीबाईंनी हे घर बांधले. तीनशेहून थोड्या अधिक खुर्च्या आणि तीन बाजूंनी प्रेक्षक असलेला रंगमंच, एवढाच त्याचा पसारा. मराठी माणसास तेथे परके वाटू नये याची एक अनपेक्षित सोयही होती: तेथल्या उपाहारगृहातला साबुदाणा वडा नाटकांइतकाच नावाजला गेला!

आता भांडणाकडे वळावे. आपल्या नाट्यशास्त्राने नायिकांचे जे आठ प्रकार सांगितले, त्यांत ‘कलहान्तरिता’ ही एक आहे. ही भांडून प्रियकराला दूर लोटते आणि मग झुरत बसते. पण तिचे प्रेम आधीचे आणि कलह नंतरचा. येथे ज्या जोडप्याचा विचार आहे, त्याचा क्रम उलटा. तमाशातल्या गौळणीत या उलट्या क्रमाची थोडी चुणूक दिसते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण अडवतो, मावशी फणकारते, पेंद्या मध्ये तोंड घालतो. आणि त्या वादावादीला कुणीच कंटाळत नाही. वाट मोकळी झाली, तर सगळ्यांचाच हिरमोड व्हायचा.

मराठी रंगभूमीवर अशा भांडणाचे एक वेगळे रूप प्रा. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांच्या ‘त्राटिके’ने आणले. शेक्सपिअरच्या नाटकाचा तो मराठी अवतार. गणपतराव जोशांच्या प्रतापरावाने एक काळ गाजविला, हे खरे. तथापि तेथे नवरा बायकोला उपाशी ठेवून, झोपेविना तिष्ठवून वठणीवर आणतो, आणि याला प्रेम म्हणणे आज जड जाते. एक हरला म्हणून संपलेले भांडण म्हणजे अनुराग नव्हे.

देवलांचा ‘संशयकल्लोळ’ याहून शहाणा. मोलिएरचे १६६० सालचे प्रहसन, त्यावरून मर्फीचे इंग्रजी नाटक, त्यावरून देवलांचे गद्य ‘फाल्गुनराव’, आणि १९१६ साली त्याचेच संगीत नाटक, असा त्याचा प्रवास. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली. जणू सारे पंचांगच एकमेकांशी भांडायला बसले! पण फाल्गुनराव आणि कृत्तिका यांच्या भांडणात एक गोष्ट कधीच घडत नाही: ती दोघे एकमेकांचे ऐकत नाहीत. ती विश्वास ठेवतात तसबिरीवर. रस्त्यात सापडलेली एक तसबीर बायकोच्या हातात दिसली, एवढ्यावर नवऱ्याचा संसार डळमळतो.

शेक्सपिअरच्या ‘मच ॲडो अबाऊट नथिंग’मधली बीअट्रिस आणि बेनेडिक यांच्या अगदी उलट आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली ही जोडी या जातीच्या सर्व प्रेमकथांची आजी-आजोबा म्हणावी लागेल. ती लग्नाच्या नावाने नाक मुरडते. तो आजन्म ब्रह्मचारी राहण्याच्या बाता मारतो. दोघे भेटली की शब्दाला शब्द लागतो. मग मित्र एक कट करतात. बेनेडिक लपून ऐकतो आहे हे हेरून, ‘बिचारी बीअट्रिस त्याच्यासाठी झुरते आहे’ असे बोलू लागतात. तिलाही तशीच थाप ऐकविली जाते. ‘रंगशंकरा’सारख्या तीन बाजूंनी उघड्या रंगमंचावर लपायला खरे म्हणजे जागाच नाही; लपणारा नट प्रेक्षकांच्या मांडीशी येऊन लपतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचा विरघळता अहंकार सगळ्यांना हाताच्या अंतरावरून दिसतो.

पण थापेने प्रेम जमले, एवढ्यावर ही गोष्ट थांबत नाही. याच नाटकात क्लॉडिओ आणि हीरो यांची दुसरी जोडी आहे. गोड, आज्ञाधारक, एका शब्दानेही न भांडलेली. हीरोवर कुणी किटाळ आणताच तोच क्लॉडिओ भर मंडपात तिची अब्रू घेतो. ज्याने तिच्याशी कधी दोन वाक्ये धड बोलून पाहिली नव्हती, त्याला तिचा आवाज खरा की खोटा हे कळावे कशाने? तेव्हा संतापलेली बीअट्रिस बेनेडिककडे मागणी करते, की क्लॉडिओला ठार मार. प्रेक्षागृहात कधीकधी येथे हसू फुटते, आणि लगेच विरते. बेनेडिक आधी नकार देतो. क्लॉडिओ त्याचा जिवलग मित्र. मग तो एकच प्रश्न विचारतो: हीरोवर अन्याय झाला, असे तुझ्या अंतःकरणाला खरोखर वाटते का? ती हो म्हणते. पुरावा काही नाही, तसबीर नाही, साक्षीदार नाही. केवळ तिचा शब्द. जिच्या प्रत्येक शब्दाला आजवर त्याने टोला हाणला, तिच्या त्या एका शब्दावर तो मित्राला द्वंद्वाचे आव्हान द्यायला निघतो.

सुदैवाने खरे काय ते बाहेर येते आणि कुणाचा जीव जात नाही. शेवटी सर्वांसमक्ष विचारले, तर दोघेही प्रेम साफ नाकारतात. प्रेम कसले, जुजबी ओळख! तेवढ्यात त्याने तिच्यावर रचलेले एक बेंगरूळ काव्य कुणीतरी पुढे करते, आणि तिच्या खिशातून चोरलेला दुसरा कागदही निघतो. स्वतःच्याच हस्ताक्षरापुढे दोघे गप्प होतात, पण क्षणभरच. आपण केवळ दयेपोटी लग्न करीत आहोत, असे तो सांगतो. त्याचा जीव वाचावा म्हणून आपण कबूल झालो, असे ती सांगते.