प्राणी आणि त्यांचे घर : गुजरातमधील एक प्रवास



वन्य जीवांवरील पुस्तकांचा अनुवाद करणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : एवढे प्राणी तुम्ही कागदावर पाहिलेत, प्रत्यक्षात किती पाहिलेत? प्रश्न रास्त आहे, कारण पुस्तक कितीही उत्तम असले तरी ते प्रत्यक्ष दर्शनाची जागा घेऊ शकत नाही. परंतु 'पाहणे' म्हणजे नेमके काय, याचाही थोडा विचार व्हावयास हवा. म्हणूनच आज मी आपणांपुढे एका प्रवासाची वाट मांडणार आहे. बडोद्यापासून गीरपर्यंत जाणारी ही वाट आहे. तिच्यावर तीन प्राणिसंग्रहालये आणि चार संरक्षित क्षेत्रे लागतात. हिवाळ्यातले दहाबारा दिवस हाताशी असतील, तर सामान्य प्रवाशाला ती सहज आक्रमिता येते.

गुजरातच का, असे कोणी विचारील. एक तर खारे रण, उथळ सरोवर, गवताळ मैदान आणि शुष्क पानझडीचे अरण्य इतकी भिन्न भूरूपे येथे एकाच राज्यात भेटतात. दुसरे असे की, आशियाई सिंह आज जगात मोकळ्या रानात केवळ येथेच वावरतो, आणि भारतीय रानगाढवाचेही हेच अखेरचे मोठे आश्रयस्थान आहे.

या प्रवासाचे सूत्र आरंभीच सांगून ठेवतो. प्राणिसंग्रहालयात प्राणी दिसतो, पण त्याचे घर दिसत नाही. अभयारण्यात घर दिसते, पण प्राणी दिसेलच असे नाही. ही दोन्ही दर्शने अपुरी आहेत. ती एकमेकांशेजारी ठेवली म्हणजेच प्राण्याचे खरे रूप ध्यानात येते.

पहिला मुक्काम बडोदे. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याला जन्मलेले आणि दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर आलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८७९ मध्ये लोकांसाठी जी विस्तीर्ण बाग उभारली, ती कमाटीबाग अथवा सयाजीबाग होय. तिच्यातच तेथील प्राणिसंग्रहालय आहे. राजेरजवाड्यांच्या खाजगी शौकाची वस्तू सर्वसामान्य नागरिकांना पाहावयास मिळावी, हा विचार त्या काळी नवाच होता.

परंतु बडोद्याची खरी नवलाई पिंजऱ्याच्या बाहेर आहे. शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरींची मोठी वस्ती आहे. मातीच्या उतरत्या काठांवर त्या ऊन खात पडतात आणि त्याच काठांत अंडी घालतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदीला महापूर आला, तेव्हा पाण्याबरोबर मगरी वस्तीत शिरल्या आणि त्यांना पकडून सुखरूप परत सोडण्यात आले. लाखो माणसांच्या शहरात मगर टिकून राहिली ती केवळ दयेमुळे नव्हे. नदीचा काठ अद्याप मातीचा आहे, हे त्याचे मोठे कारण आहे. तोच काठ उद्या दगडी भिंतींनी बांधून काढला, तर एकाही मगरीला न मारता त्यांचा वंश तेथून नाहीसा होईल. घर आणि प्राणी यांच्या नात्याचा हा पहिला धडा समजावा.

अहमदाबादेतील कांकरिया तलावाच्या काठी रूबेन डेव्हिड यांनी १९५१ मध्ये प्राणिसंग्रहालय उभारले. १९७५ मध्ये त्यांना 'पद्मश्री' देऊन गौरविण्यात आले. येथे थोडे थांबून, प्राणिसंग्रहालय कसे पाहावे हे सांगतो. पाटीवरचे नाव वाचून पुढच्या पिंजऱ्याकडे धावू नये. एकाच प्राण्यासमोर अर्धा तास उभे राहावे. त्याला सावली आहे काय, पाणी आहे काय, माणसांच्या नजरेआड जावेसे वाटले तर आडोसा आहे काय, हे पाहावे. तो एकाच रेषेत, ठराविक पावले टाकीत सारख्या येरझाऱ्या घालत असेल, तर ते कंटाळ्याचे आणि कोंडमाऱ्याचे लक्षण मानतात. आपल्या देशात प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारे केंद्रीय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर अरुंद गजांच्या पिंजऱ्यांऐवजी खंदकांनी वेढलेल्या मोकळ्या जागा देण्याकडे कल वाढला. तथापि जागरूक प्रेक्षक हाही एक प्रकारचा निरीक्षकच असतो, हे विसरून चालणार नाही.

अहमदाबादेच्या नैर्ऋत्येस साठेक किलोमीटरवर नळसरोवर आहे. सुमारे १२० चौरस किलोमीटरांचे हे सरोवर १९६९ मध्ये पक्षी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर यादीत त्याचा समावेश झाला. विस्तार एवढा असूनही त्याची खोली फार नाही. पुष्कळ ठिकाणी नावाडी बांबूने तळ रेटीत नाव पुढे नेतो. पाणी उथळ आहे म्हणूनच येथे रोहित पक्षी चिखल गाळून आपले अन्न मिळवू शकतो आणि लांब पायांचे पाणपक्षी काठाकाठाने फिरू शकतात. मध्य आशिया आणि सायबेरिया येथून निघालेले पक्षी हजारो किलोमीटर उडून येथे हिवाळा काढतात. असा थवा पाण्यावर विसावलेला असताना छायाचित्रासाठी त्याला उठवावयास नावाड्याला सांगणे, हा अपराध मानला पाहिजे. परतीच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती आपण आपल्या क्षणभराच्या करमणुकीसाठी खर्च करावयास लावतो.

येथून पश्चिमेला कच्छचे छोटे रण लागते. 'रण' म्हटले की आपल्याला रणांगण आठवते, पण या शब्दाचे मूळ निराळे आहे. संस्कृतात 'इरिण' म्हणजे खारी, नापीक भूमी. त्यावरून हा शब्द आला असे मानतात. पावसाळ्यात ही भूमी पाण्याखाली जाते आणि हिवाळ्यात भेगाळलेल्या चिखलाचे अफाट मैदान होते. या मैदानात जागोजाग उंचवटे आहेत. त्यांना तेथे 'बेट' म्हणतात. पाण्यावर राहणाऱ्या या बेटांवर गवत उगवते, आणि त्या गवतावर रानगाढवे जगतात. गुजराती माणूस या प्राण्याला 'घुडखर' म्हणतो. फिकट तपकिरी पाठ, पांढरे पोट आणि पाठीच्या कण्यावरून गेलेली गडद पट्टी असा हा डौलदार प्राणी पाहिला, म्हणजे 'गाढव' या शब्दाला आपण चिकटविलेला सगळा उपहास गळून पडतो.

गेल्या शतकाच्या मध्यानंतर रोगाच्या साथींनी या प्राण्याची संख्या काही शेकड्यांवर आणली होती. १९७३ मध्ये येथे सुमारे पाच हजार चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. २०२४ च्या गणनेत रानगाढवांची संख्या ७,६७२ भरली. याच रणात अगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवीत आले आहेत. ज्या भूमीला आपण ओसाड म्हणतो, तिच्यावर एक दुर्मीळ प्राणी आणि एक कष्टाळू समाज असे दोघेही पोसले जात आहेत.

भावनगरजवळच्या भाल प्रदेशातील वेळावदर हे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ अवघे ३४ चौरस किलोमीटर. भावनगर संस्थानाच्या काळी ही राखीव कुरणे होती आणि माणसाळविलेल्या चित्त्यांकडून येथे काळविटांची शिकार केली जाई. १९७६ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान झाले. हिवाळ्यातील संध्याकाळी या गवतावर एक अपूर्व दृश्य दिसते. 'हॅरियर' या कुळातील, मराठीत 'भोवत्या' म्हणून ओळखले जाणारे शिकारी पक्षी चहू दिशांनी येऊन रात्रीच्या मुक्कामासाठी गवतात उतरतात. त्यांच्या एकत्र मुक्कामाच्या जगातील मोठ्या ठिकाणांत वेळावदरची गणना होते. हे पक्षी दिवसा आसपासच्या शेतांवरून घिरट्या घालीत टोळ आणि नाकतोडे टिपतात. म्हणजे शेतकऱ्याच्या पिकाची राखण एका अर्थी या गवतात झोपते.

पावसाळ्यात याच प्रकारच्या गवताळ भूमीवर तणमोर नावाचा दुर्मीळ पक्षी येतो. विणीच्या दिवसांत नर गवतातून उंच उसळी घेतो आणि पुन्हा गवतात अदृश्य होतो. अनुवाद करताना मला या नावाने फार काळ गुंतवून ठेवले. 'तणमोर' या शब्दात 'तण' आहे, 'माळढोक' या शब्दात 'माळ' आहे. ज्या कोणी ही नावे ठेवली, त्यांनी पक्ष्याबरोबर त्याचे घरही नावात गोवून ठेवले. इंग्रजी नावे पुष्कळदा संशोधकाचे स्मरण ठेवतात. आपल्या बोलीतील नावे घराचा पत्ता सांगतात.

आता जुनागढ. येथील सक्करबाग प्राणिसंग्रहालय १८६३ मध्ये नबाबांच्या राजवटीत स्थापन झाले. देशातील जुन्या प्राणिसंग्रहालयांपैकी हे एक असून आशियाई सिंहांच्या प्रजननाचे मुख्य केंद्र आहे. वंशावळीच्या नोंदींचे महत्त्व येथे विशेष कळते. गेल्या शतकात आपल्या काही प्राणिसंग्रहालयांत आशियाई आणि आफ्रिकी सिंहांचा संकर झाला, आणि त्या सिंहांची संतती आशियाई सिंहाच्या संवर्धनास निरुपयोगी ठरली. ज्यांचे मूळ निश्चितपणे गीरचे आहे अशा सिंहांची पिढी जपणे, हे सक्करबागेचे कार्य आहे. रानावर काही संकट आलेच, तर बीज शिल्लक असावे म्हणून शेतकरी कणगीत बियाणे राखून ठेवतो. चांगल्या प्राणिसंग्रहालयाचे महत्त्व तसे आहे. परंतु कणगी म्हणजे शेत नव्हे, याचीही जाणीव तेथेच ठेवावी लागते.

आणि अखेर गीर. १९६५ मध्ये अभयारण्य आणि १९७५ मध्ये त्यातील गाभ्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. दोहोंचे मिळून क्षेत्र सुमारे १,४१२ चौरस किलोमीटर. सागाची वाळलेली पाने आणि सिंहाची कातडी यांचा रंग इतका एक आहे की, वीस पावलांवर पहुडलेला सिंहही दिसत नाही. एकेकाळी येथील सिंहांचे पोट मुख्यतः मालधारी गुराख्यांच्या जनावरांवर भरत असे. पुढे चराईला आळा बसला, गवत वाढले, चितळांची संख्या वाढली आणि सिंहाला आपले नैसर्गिक भक्ष्य पुन्हा मिळू लागले. सिंह वाचविण्यासाठी आधी गवत वाचवावे लागले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. १९६८ मध्ये १७७ सिंह मोजले गेले होते. २०२५ च्या गणनेत ती संख्या ८९१ झाली. जगातील संवर्धनाच्या इतिहासात अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे.

परंतु येथेच खरी चिंताही सुरू होते. या ८९१ सिंहांपैकी निम्म्याहून अधिक आज गीरच्या संरक्षित क्षेत्राबाहेर आहेत : शेतांत, आंब्याच्या बागांत, नद्यांच्या काठी, समुद्रकिनाऱ्याजवळ. तेथे उघड्या विहिरी आहेत, रस्ते आहेत, रेल्वेमार्ग आहे, आणि या सर्वांनी सिंहांचे बळी घेतले आहेत. शिवाय मुक्त रानातील हे सारे सिंह एकाच प्रदेशात आहेत. १९९४ मध्ये आफ्रिकेतील सेरेंगेटीमध्ये कुत्र्यांपासून पसरणाऱ्या डिस्टेम्पर रोगाने तेथील सुमारे एक-तृतीयांश सिंह मेले. २०१८ मध्ये त्याच रोगाचा विषाणू गीरमध्ये आढळला आणि काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले. सिंहांची दुसरी वसाहत मध्य प्रदेशातील कुनो येथे करावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एप्रिलमध्ये दिला होता. २०२२ मध्ये कुनोत आफ्रिकेतील चित्ते आले. सिंह मात्र अद्याप तेथे गेलेले नाहीत. सिंह सौराष्ट्रातच पोरबंदरजवळच्या बरडा डोंगरात पोहोचले आहेत, ही समाधानाची बाब आहे. तरीही साथीचा धोका टाळण्यास एवढे अंतर पुरेसे आहे काय, हा प्रश्न उरतोच. संख्या वाढली म्हणजे सुरक्षितता आली असे नव्हे. कुटुंब वाढले आणि घर तेवढेच राहिले, तर अडचणी निराळ्या स्वरूपात पुढे येतात.

प्रवाशांसाठी दोन व्यावहारिक सूचना करतो. गीर आणि छोटे रण पावसाळ्यात, साधारणतः मध्य जूनपासून मध्य ऑक्टोबरपर्यंत, पर्यटकांना बंद असतात. तेव्हा डिसेंबर अथवा जानेवारी निवडावा. आणि प्राणिसंग्रहालय आधी पाहावे, अभयारण्य नंतर. सक्करबागेत सिंहाचा चेहरा, आयाळ, पोटाखालची कातडीची घडी जवळून निरखून घेतली, म्हणजे गीरमध्ये नुसत्या पाऊलखुणा दिसल्या, चितळाची भेदरलेली हाक ऐकू आली, तरी सिंह जवळपास असल्याचे ओळखून आनंद घेता येतो. 'सिंह दिसला नाही, पैसे फुकट गेले,' असे म्हणत परतणारे प्रवासी प्रत्येक फाटकावर भेटतात. वाहनचालकांनी प्राण्यांच्या अगदी जवळ जावे, हा आग्रहही त्याच वृत्तीतून येतो.

शेवटी एक विनंती. या प्रवासात आपण पाहिलेली घरे कोणती? मातीचा काठ, उथळ पाणी, खारे मैदान, कुरण आणि खुरटे रान. यांतील एकही आपल्या रूढ कल्पनेतले घनदाट अरण्य नाही. अशा जमिनीची सरकारी दप्तरात पुष्कळदा 'पडीक' अशी नोंद होते, आणि पडीक म्हटले की ती कोणत्याही कामी लावावयास मोकळी समजली जाते. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, तरी त्या पक्ष्याचे दर्शन आज अत्यंत दुर्लभ झाले आहे, यामागे माळ आक्रसत गेला हे एक मोठे कारण आहे. तेव्हा आपण गुजरातेतून परत याल, तेव्हा आपल्या गावाच्या शिवेवरचे गायरान, माळ आणि तळ्याचा उथळ काठ एकदा सावकाश फिरून पाहावा. तेथे कोण राहते, कोण हिवाळ्यापुरते येते, याची एक छोटी वही ठेवावी. पुढे कोणी त्या जमिनीला पडीक म्हणू लागला, तर ती वही त्याच्यापुढे ठेवता येईल.