बड्या आचाऱ्याची डाळ, आपल्या चुलीवर

आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते एका फजितीबद्दल, आणि त्या फजितीतून जे शिकले त्याबद्दल.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. घरात सासूबाई आहेत, एक म्हैस आहे. मुलगी पुण्याला शिकते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला, ‘आई, पुढच्या रविवारी मैत्रिणी येणार आहेत. घुटं-भाकरी नको हं करूस. दाल मखनी कर. मी कृती पाठवते.’ मग मोबाईलवर एका नामवंत आचाऱ्याची कृती आली.

आता तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? पण ‘घुटं-भाकरी नको’ हे शब्द माझ्या मनाला लागले. ज्या अन्नावर ती वाढली, त्याची तिला लाज वाटू लागली की काय? मी ठरवले, अशी डाळ करायची की पोरगी बघत राहील. आधीच्या शनिवारी रंगीत तालीम घेतली. तालुक्याहून लोण्याची वडी आणि मलईचा डबा आणला. महिनाअखेर होती. त्या दोन वस्तूंचेच पैसे उडदाच्या तिपटीहून अधिक झाले. डब्यातले जुने उडीद काढले, दोन तास भिजवले, टोमॅटो, आले, लसूण, तिखट सगळे एकदम कुकरमध्ये लोटले. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या. झाकण उघडले तर रस एकीकडे आणि दाणे चिवट! वर ओतलेले लोणी तरंगत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिजवले, तरी तेच. शेवटी ते पातेले म्हशीपुढे ठेवले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

रात्री त्या एवढेच म्हणाल्या, ‘अगं, घुट्याच्या डाळीत कधी आधी आंबट घालतो का आपण?’

त्या एका वाक्याने माझे डोळे उघडले. कडधान्य शिजते म्हणजे काय होते? दाण्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा एक बंध असतो, तो उष्णतेने आणि पाण्याने सुटतो. आंबट पदार्थ आधी घातला तर तो बंध लवकर सुटत नाही. जड पाण्यातला चुना तर तो अधिकच घट्ट करतो. दाणा फार जुना असला तरी तो शिजायला अडतो. माझ्याकडून तिन्ही चुका एकदम झाल्या होत्या: जुने उडीद, विहिरीचे जड पाणी आणि आधी टोमॅटो. आचाऱ्याच्या कृतीत टोमॅटो नंतरच होता. घाईत ती ओळ मीच वाचली नव्हती. वर्गात मुलांना ‘प्रश्न नीट वाचा’ म्हणून बजावणारी मी!

या डाळीची थोडी हकीकत सांगते. १९४७ च्या फाळणीनंतर पेशावरकडून आलेल्या मंडळींनी दिल्लीच्या दर्यागंज भागात मोतीमहल हे उपाहारगृह काढले. अख्ख्या उडदाची डाळ पंजाबात घरोघर होतीच. टोमॅटो, लोणी आणि मलई घातलेले तिचे रूप दिल्लीच्या उपाहारगृहांतून देशभर पसरले. ती पहिल्यांदा कोणी केली याचा वाद २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. दिल्लीच्याच एका मोठ्या हॉटेलातली ‘दाल बुखारा’ हीही तिचीच बहीण. तिच्याशी इम्तियाज कुरेशी या आचाऱ्यांचे नाव जोडले जाते. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये ते निवर्तले. ती डाळ मंद निखाऱ्यावर रात्रभर शिजते. त्यात उडीद, टोमॅटो, आले-लसूण, तिखट, मीठ, लोणी आणि मलई, यापलीकडे फारसे काही नाही.

म्हणजे बघा, त्या डाळीचे खरे भांडवल वेळ आणि मंद आच हे आहे. उडीद सावकाश शिजला की त्यातले पीठ आणि चिकटपणा पाण्यात उतरतो, आणि डाळ आपोआप दाट, मऊ होते. मलई शेवटची. आपण मात्र पैसे मलईवर खर्च करतो आणि वेळेत काटकसर करतो. आणि घरात म्हैस असताना मी मलईचा डबा विकत आणला होता, हे आणखी वेगळेच!

आता कृती. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या. प्रमाण वाटीचे आहे. १९७० मध्ये निघालेल्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याची मापे घराघरांत रुजवली, तीच आपल्याला सोयीची.

चार-पाच माणसांसाठी एक वाटी अख्खे काळे उडीद, शक्यतो त्याच वर्षीचे. रात्रभर भिजवा. सकाळी हातांनी चोळून दोन-तीन पाणी बदला. पाणी जड असेल तर आदल्या दिवशी उकळून, निवळून घ्या. चार वाट्या पाण्यात उडीद कुकरला लावा. शिट्टी झाली की आच मंद करून अर्धा तास ठेवा. दाणा दोन बोटांत लोण्यासारखा दबला पाहिजे. दबला नाही तर पुढे जाऊ नका. कोणी मूठभर राजमाही घालतात. घातला तर तो वेगळा भिजवून, चांगला उकळून, पूर्ण मऊ शिजवा. अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो.

मग रवीने किंवा डावाच्या पाठीने डाळ थोडी घोटा. दुसऱ्या भांड्यात चमचाभर तुपावर आले-लसणाचे वाटण परता. तीन-चार पिकलेले टोमॅटो किसून घाला, तिखट-मीठ घाला, आणि तूप सुटेपर्यंत शिजवा. हे आता डाळीत मिसळा. चूल असेल तर पातेले वैलावर ठेवा आणि तास-दीड तास रटरटू द्या. अधूनमधून तळापासून ढवळा. उतरवताना दोन दिवसांची जमवलेली अर्धी वाटी साय फेटून घाला, वर चमचाभर घरचे लोणी. झाले.

ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांना एवढा वेळ शेगडी जाळणे परवडणार नाही. त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती आहे. टोमॅटो मिसळल्यावर डाळ दहा-पंधरा मिनिटे चांगली उकळा. झाकण घट्ट लावून ते जाड बुडाचे, जवळजवळ भरलेले पातेले गोणपाटात गुंडाळा, आणि गवत किंवा भुसा दाबून भरलेल्या टोपलीत ठेवून वर जुनी गोधडी घाला. तीन तास उघडू नका. आतल्या उष्णतेवरच डाळ मुरत राहते. मात्र वाढण्यापूर्वी ती पुन्हा खळखळून उकळा, आणि साय त्यानंतरच घाला. टोपली विस्तवापासून लांब ठेवा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या एका पातेल्यात विज्ञानाचा आख्खा तास आहे. दोन वाट्यांत उडीद घेऊन एकीत चिंचेचे पाणी घाला, दुसरीत साधे. दोन्ही सारखाच वेळ शिजवा आणि मुलांना दाबून पाहू द्या. उडदात शंभर ग्रॅममागे चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. भाकरीत जे प्रथिनघटक कमी पडतात ते डाळ पुरवते, आणि डाळीत जे कमी ते भाकरी. खानदेशात ज्वारी आणि उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात, तिच्यामागेही हेच शहाणपण आहे.

आता त्या रविवारचे सांगते. मैत्रिणी आल्या, डाळ वाढली. मुलीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘आई, हॉटेलसारखी नाही झाली.’ माझा जीव खाली-वर झाला. पण तिने वाटी पुन्हा पुढे केली. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कोणाला न विचारता घुटे केले: उडदाची डाळ मऊ शिजवून घोटलेली, मिरची-लसूण-कोथिंबिरीचे वाटण, गरम भाकरी. मुलगी आजीजवळ चुलीपाशी बसून होती. थोड्या वेळाने म्हणाली, ‘आजी, ही पण तशीच डाळ की गं. शिजवायची, घोटायची. फक्त नाव वेगळं.’

सासूबाई हसल्या नि म्हणाल्या, ‘मग भाकरी थाप बघू तू.’

श्रोते हो, मोठ्या आचाऱ्याचे जरूर शिकावे. पण शिकायचे ते त्याच्या हाताचे शिकावे, त्याच्या बाजारहाटाचे नव्हे. कृती पूर्ण वाचावी, कोणती पायरी कशासाठी आहे ते स्वतःला विचारावे, आणि मग घरात काय आहे ते पाहावे. बहुधा निम्मे सामान फळीवरच सापडते. निदान माझे तरी सापडले.