अंडाशयाच्या गाठी आणि मातृत्वाची आशा

(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. आमची हयात सरकारी फायलींत गेली. तरीही या नाजूक विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहोत, कारण तो आमच्या घरातून गेलेला आहे. आमच्याकडे शिकावयास राहिलेल्या पुतणीच्या पोटात सतराव्या वर्षी गाठ आढळली. गावाकडून निरोप आला, ‘बाहेर बोलू नका, पोरीचे लग्न व्हायचे आहे!’ या लपवाछपवीत तीन आठवडे वाया गेले.

अंडाशयाचा कर्करोग बहुधा उतारवयात होतो. परंतु काही दुर्मीळ गाठी ऐन तारुण्यात उद्भवतात. त्यांतील एक वर्ग ज्या मूळ पेशींपासून स्त्रीबीज तयार होते त्यांतून निघतो. पुतणीची ‘डिसजर्मिनोमा’ ही गाठ त्यांतलीच. दुसऱ्या वर्गातील गाठी संप्रेरके निर्माण करतात. ‘ग्रॅन्युलोसा’ पेशींच्या गाठीमुळे अवेळी रक्तस्राव होतो, लहान मुलींना अकाली ऋतुप्राप्तीही होते. ‘सर्टोली-लायडिग’ गाठीमुळे पाळी थांबून चेहऱ्यावर केस येऊ शकतात, आवाज घोगरा होऊ शकतो. अशा वेळी गर्भधारणेत अडथळा येतो तो गाठीमुळेच. ती काढल्यावर पाळी पुष्कळदा पूर्ववत होते.

गाठ निघाली म्हणजे मातृत्व संपले, हा समज खरा नाही. यांतील बहुतेक गाठी एकाच बाजूस असतात. म्हणून योग्य रुग्णात तेवढेच अंडाशय व त्या बाजूची गर्भनलिका काढून गर्भाशय आणि दुसरे अंडाशय राखता येते. गर्भधारणेस एक निरोगी अंडाशय पुरते. सिस्प्लॅटिन या औषधास अमेरिकेत 1978 साली मान्यता मिळाली. पुढे ब्लिओमायसिन व इटोपोसाइड यांच्या जोडीने ते बीजपेशींच्या गाठींवर दिले जाऊ लागले आणि रोग पसरलेल्या मुलीही बहुसंख्येने बऱ्या होऊ लागल्या. उपचारानंतर त्यांतील बहुतेकींची पाळी परत येते. अनेकींना अपत्ये झाली आहेत.

मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावयास हवे: दुसरे अंडाशय राखता येईल काय? गाठीची जात ओळखण्यास मदत करणाऱ्या रक्ततपासण्या झाल्या काय? औषधांपूर्वी स्त्रीबीजे गोठवून ठेवणे इष्ट आहे काय? प्रत्येकीस हे शक्य नसते. जीव वाचविणे हेच पहिले कर्तव्य. शिवाय ग्रॅन्युलोसा गाठ दहा-वीस वर्षांनीही उलटू शकते. तेव्हा मूल झाले म्हणून तपासणी सोडू नये.

परमुलखात आपल्या मुलींना आजी-आत्या जवळ नसतात. पाळी चुकली, पोट फुगले, दुखू लागले, तर सांगावे कोणाला? ते घर आपल्या मंडळाने व्हावे. आमच्या पुतणीने लग्नाआधी सारे मोकळेपणाने सांगितले. ते ऐकूनही त्या घराने तिला सून केले. तिची कन्या आता शाळेत जाते.

भगिनींनो, लाज बाळगून मुलीचे लग्न कदाचित जमेलही. पण त्यासाठी आधी मुलगी जगली पाहिजे. एवढे सांगून आपली रजा घेतो.