आठ दिवसांची सेवा



आमच्या नगरच्या मंडळीतली काही तरुण मुलं आठवडाभर दुबई-अबुधाबीकडे सेवेला जाऊन आली. रविवारच्या उपासनेत त्यांच्या साक्षी झाल्या. तिथे आपली माणसं भेटली, तिथे विश्वास खरा वाटला, असं सगळीच सांगत होती. ऐकून फार बरं वाटलं. पण एक जण म्हणाला, "आम्ही तिथे संगत उभी केली," आणि मला बाकावर बसवेना.

अरे बाळांनो, ती उभी होतीच! उद्या दूध म्हणेल, दही मी केलं. विरजण कोणाच्या घरचं, ते विचारायला नको? तुम्ही गेलात ते दूध म्हणून. कोमट होतात म्हणून लागलात. विरजण आधीपासून कोणीतरी जपलं होतं.

कोणी जपलं? अबुधाबीतल्या अल ऐनला पॅट आणि मेरियन केनेडी हे अमेरिकन डॉक्टर दांपत्य १९६० साली आलं. तेलाचा पैसा तोवर आला नव्हता, अमिरातींचा देशही झाला नव्हता. बायका बाळंतपणात दगावत होत्या. तिथले तेव्हाचे प्रमुख शेख झायेद यांनी दिलेल्या मातीच्या घरात दवाखाना सुरू झाला. दोन वर्षांनी कॅनडाहून गर्ट्रूड डाइक ही परिचारिका आली. लोक तिला डॉक्टर लतीफा म्हणू लागले. ती ३८ वर्षं राहिली. आठ दिवस नव्हे, ३८ वर्षं! दुबईत तिथले शासक शेख रशीद यांनी जमीन दिली आणि १९६७ साली सेंट मेरीज चर्च उघडलं. तेव्हापासून केरळच्या, गोव्याच्या, फिलिपिन्सच्या नोकरदारांनी तिथल्या वेदीवरचा दिवा तेवता ठेवला आहे. दुबईच्या होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात तर कितीतरी भाषांच्या मंडळ्या वेळा वाटून घेतात. एक उठते, दुसरी बसते.

आणि तिथे मुसलमानांमध्ये धर्मप्रचाराला कायद्याने बंदी आहे. परवानगीशिवाय देणगी गोळा करणं हाही गुन्हा. मग आमच्या मुलांनी केलं काय? भांडी घासली, खुर्च्या मांडल्या, बांधकामावरून थकून आलेल्या माणसांशेजारी बसून गाणी म्हटली. दुसरं काही करताच येईना, म्हणून माणसांत बसावं लागलं. आणि बसलात म्हणून भेटलं, बरं का! इकडे भंडारदऱ्याच्या वाडीवर जाता तेव्हा उतरल्या उतरल्या ढवळायला लागता. फलक, भाषण, फोटो. विरजण लावलेलं भांडं रात्रभर हलवायचं नसतं, हे तुमच्या आईला विचारा.

मुद्दा पुन्हा सांगते, कारण तो निसटतो: कोणीतरी वर्षानुवर्षं राहिलं, म्हणून तुमचे आठ दिवस फळले. आपल्या नगरलाच अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ साली आली, ती काय आठवड्याने परत गेली? सिंथिया फरारबाई १८२७ साली मुंबईला उतरल्या. मधली एक रजा सोडली तर इथेच राबल्या, आणि १८६२ साली नगरलाच वारल्या. जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा पाहिली ती यांची.

तेव्हा एवढंच. यंदा ज्यांची मुलं जाणार आहेत त्यांनी तिकीट काढण्याआधी तिथल्या पाळकांना विचारावं, तुम्हाला आमचा उपयोग काय? ते म्हणाले नुसते या आणि बसा, तर नुसतं जावं आणि बसावं. आल्यावर साक्ष जरूर द्यावी. आणि महिन्याभराने तिथल्या एका तरी माणसाला फोन करावा.