खेळ पुन्हां बसत नाहीं तेव्हां

संगणक घरांत आला म्हणजे त्याच्या पाठोपाठ खेळही येतात. परीक्षा संपाव्यात, सुटी लागावी आणि नेमका त्याच आठवड्यांत मुलांचा आवडता खेळ मध्येंच बंद पडावा, हा प्रकार आतां अनेक कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. अशा वेळीं घरांतील जाणता मुलगा तो खेळ काढून टाकतो आणि पुन्हां बसविण्यास घेतो. तासभर टक्केवारीचे आंकडे चढत जातात. ऐंशी टक्क्यांपर्यंत सर्व सुरळीत चालतें. आणि मग पडद्यावर ओळ उमटते, कीं फाइली खराब आहेत, काम पुढें जाऊं शकत नाहीं. पुन्हां आरंभ होतो, पुन्हां तीच ओळ येते. तिसऱ्या खेपेस वडील मंडळी म्हणूं लागतात, कीं यंत्रच जुनें झालें, आतां नवें आणावें.

येथें दोन चुका होतात. तेंच काम त्याच रीतीनें पुनःपुन्हां करणें ही पहिली, आणि निदान न करितां रोग्याच्या वयावर खापर फोडणें ही दुसरी. खेळ बसत नाहीं ही तक्रार वरवर क्षुल्लक दिसते. परंतु ज्या यंत्रांत तो बसत नाहीं, त्याच यंत्रांत घरचीं छायाचित्रें, जमाखर्च आणि महत्त्वाचीं कागदपत्रें असतात. म्हणून ही तक्रार मुलांची म्हणून सोडून देण्याजोगी नव्हे.

आधीं खेळ म्हणजे काय वस्तु आहे, हें पाहिलें पाहिजे. उदाहरणादाखल अमेरिकेंतील बेथेस्डा या संस्थेनें २०११ सालीं प्रसिद्ध केलेला ‘स्कायरिम’ हा खेळ घ्यावा. पडद्यावर त्यांत डोंगर, गांवें, बर्फ आणि माणसें दिसतात. पण डिस्कवर त्याचें रूप म्हणजे फाइलींचा संग्रह. त्यांतील कांहीं फाइली म्हणजे चित्रांचे व आवाजांचे प्रचंड गठ्ठेच होत. प्रत्येक फाईल ही शेवटीं शून्य आणि एक या दोन अंकांची सांखळी असते. एका गिगाबाइटांत असे सुमारें ८०० कोटी अंक भरतात. एवढ्या मोठ्या सांखळींतील एखादा अंक वाटेंत उलटा झाला, तर तो डोळ्यांना दिसणें अशक्य आहे. मग यंत्रास तो कसा कळतो?

याचें उत्तर व्यापाऱ्याच्या पावतींत आहे. पावतीवर मालाच्या किंमती असतात आणि खालीं बेरीज असते. घरीं येऊन पुन्हां बेरीज केली आणि ती जुळली नाहीं, तर कोठें तरी चूक आहे एवढें निश्चित समजतें. खेळ पाठविणारी संस्थाही फाइलींचे लहान लहान तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्यावर ठराविक गणित करून त्याची एक खूणसंख्या काढून ठेवते. तुकडा घरीं पोंचला, कीं संगणक तेंच गणित पुन्हां करतो. दोन्ही संख्या जुळल्या तर तुकडा ठेवतो, नाहीं तर नाकारतो. पावतीच्या बेरजेंत एक चूक दुसऱ्या चुकीस झांकूं शकते; येथील गणित असें योजिलेलें असतें, कीं एक अंक बदलला तरी खूणसंख्या बदलावी.

या विद्येच्या मुळाशीं एक चमत्कारिक वैताग आहे. १९४७ च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञांना तेथील रिलेंवर चालणारें गणकयंत्र शनिवार-रविवारीं वापरावयास मिळे. त्या दिवशीं देखरेखीस कोणी नसे. आपल्या हिशेबांत चूक झाली असें यंत्रास आढळलें, कीं तें हातचें काम सोडून देई आणि पुढच्या कामास लागे. सोमवारीं येऊन पाहावें, तों उत्तर नाहीं! हॅमिंग यांच्या मनांत आलें, कीं चूक झाली एवढें जर यंत्रास कळतें, तर ती कोठें झाली हें त्यास कां कळूं नये? या विचारांतून चूक हुडकून ती दुरुस्तही करणारी संकेतपद्धति निर्माण झाली आणि तिच्यावरील त्यांचा निबंध १९५० सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९६० सालीं रीड आणि सॉलोमन यांनीं निराळी व अधिक समर्थ पद्धति मांडली. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर बारीक ओरखडा पडला तरी गाणें अखंड ऐकूं येई, याचें श्रेय त्याच पद्धतीस आहे.

तात्पर्य, ‘फाईल खराब आहे’ असें म्हणून थांबणारें यंत्र हट्टी नसून प्रामाणिक आहे. त्यानें तो तुकडा तसाच स्वीकारला असता, तर खेळ बसला असता खरा; पण महिन्याभरानें, खेळ ऐन रंगांत आला असतां, तो कोसळला असता आणि कारण शोधणें दसपट कठीण झालें असतें.

आतां मुख्य प्रश्न. जुना खेळ काढून नवा बसविला, तरी दोष कां टिकतो? कारण ‘काढणें’ आणि ‘नाहींसें होणें’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. बुरशी आलेलें लोणचें टाकून दिलें, पण बरणी न धुतां तींत नवें भरलें, तर नव्यासही बुरशी येणारच. ‘स्कायरिम’ हा खेळ बहुतेक लोक ‘स्टीम’ या २००३ सालीं सुरू झालेल्या सेवेमार्फत घेतात. ती सेवा खेळ काढतांना मुख्यतः स्वतः ठेवलेल्या फाइली उचलते. मुलांनीं हौसेनें इकडून तिकडून आणून ‘डेटा’ नामक फोल्डरमध्यें घातलेलीं भर टाकणारीं उपकरणें, ज्यांना खेळाडू ‘मॉड’ म्हणतात, तीं तेथेंच राहूं शकतात. शिवाय खेळाची मांडणी लिहिलेल्या लहान फाइली आणि खेळाडूची प्रगति नोंदविणाऱ्या फाइली ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘माय गेम्स’ या वेगळ्याच जागीं असतात, आणि त्यांस कोणी हात लावीत नाहीं. नवा खेळ येऊन या जुन्या पसाऱ्यावर बसतो आणि जुन्या दुखण्याचा वारसा घेतो.

तेव्हां बरणी धुतली पाहिजे. पण तींही क्रमानें. पहिलें काम साफसफाईचें नव्हे, तर जपणुकीचें आहे. मुलाच्या प्रगतीच्या फाइली, म्हणजेच त्याचे कित्येक महिन्यांचे श्रम, प्रथम दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवाव्यात. खेळ संस्थेकडून शंभर वेळां मिळेल. ती प्रगति संस्थेपाशीं असेलच असें नाहीं. दुसरें काम, सर्व काढून टाकण्यापूर्वीं ‘स्टीम’मध्येंच असलेली फाइलींच्या तपासणीची सोय वापरावी. ती प्रत्येक फाइलीची खूणसंख्या ताडून पाहते आणि जेवढ्या बिघडल्या असतील तेवढ्याच नव्यानें आणते. पुष्कळदां दुखणें येथेंच बरें होतें. तें न झाल्यास खेळ काढावा आणि मागें उरलेल्या फोल्डरचें नांव बदलून तो बाजूस ठेवावा. पुसून टाकण्यापेक्षां नांव बदलणें केव्हांही बरें. चुकलें तर परत फिरतां येतें. मग संगणक बंद करून पुन्हां सुरू करावा, डिस्कवर पुरेशी मोकळी जागा आहे ना हें पाहावें, अँटिव्हायरसनें एखादी फाईल अडकवून ठेवली आहे काय तें तपासावें, आणि नंतरच खेळ नव्यानें बसवावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे गुण कोणत्या औषधानें आला हें कळत नाहीं.

पुसून टाकण्याविषयीं इतकी सावधगिरी कां, हें दोन घडलेल्या गोष्टींवरून समजेल. १९९८ च्या अखेरीस अमेरिकेंतील बंजी या संस्थेनें ‘मिथ २’ हा खेळ काढला. तो काढून टाकणारा कार्यक्रम, खेळ ज्या फोल्डरमध्यें असेल तो सबंध फोल्डर पुसून टाकी. एखाद्यानें खेळ डिस्कच्या थेट मुळाशींच बसविला असेल, तर खेळाबरोबर सगळी डिस्कच पुसली जाण्याची पाळी. संस्थेस हें कळतांच तिनें वाटलेल्या प्रती परत मागविल्या. दुसरी गोष्ट २००७ च्या डिसेंबरांतील. आइसलंडमधील सीसीपी या संस्थेच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाच्या सुधारणेनें आपली ‘बूट.इनी’ ही फाईल पुसावयाची, ती विंडोजची त्याच नांवाची फाईल पुसली. आणि कित्येकांचे संगणक पुन्हां सुरू होईनात. निष्णात संस्थांच्या हातून असें घडलें, तर घाईंत असलेल्या हौशी हातानें किती जपावें हें सांगणें नको.

समजा, बरणी धुतली, मसाला नवा घातला, आणि तरीही बुरशी आली. मग दोष लोणच्यांत नाहीं. बरणीलाच तडा गेला आहे किंवा कपाटांत ओल आहे. येथें एक सोपी परीक्षा उपयोगी पडते. काम प्रत्येक वेळीं कोठें थांबतें याची कागदावर नोंद करावी. दर खेपेस त्याच फाइलीपाशीं थांबत असेल, तर कारण स्थिर आहे. तेथें जुना अवशेष तरी असेल, अँटिव्हायरसची अडकाठी तरी असेल, नाहीं तर डिस्कची तेवढी जागा नादुरुस्त असेल. दर खेपेस निराळ्या फाइलीपाशीं थांबत असेल, तर संशय रॅमवर, जोडणीच्या तारेवर किंवा इंटरनेटच्या प्रवाहावर घ्यावा. आलेला तुकडा उलगडतांना तो रॅममध्यें ठेवावा लागतो. तेथें एक अंक उलटला, कीं निर्दोष मालही सदोष ठरतो. दुसरी परीक्षा याहून निर्णायक. तोच खेळ दुसऱ्या डिस्कवर बसवून पाहावा. तेथें तो बिनतक्रार बसला, तर माल चोख आहे आणि दोष पहिल्या डिस्ककडे आहे, असें मानून चालावें.

रॅम पाहण्यासाठीं विंडोजमध्येंच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ नांवाचें साधन असतें. डिस्क पाहण्यासाठीं ‘चेकडिस्क’ आहे; शिवाय डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते, जिला ‘स्मार्ट’ म्हणतात, तीही वाचतां येते. मात्र डिस्कविषयीं संशय आला, तर दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं तिच्यावरील मोलाच्या वस्तु दुसरीकडे नेल्या पाहिजेत. दुरुस्तीच्या कामांत डिस्कला फार श्रम पडतात, आणि मरणोन्मुख डिस्कला ते श्रम कधीं कधीं शेवटचे ठरतात.

आणि हाच या विषयाचा गाभा आहे. डिस्क किंवा रॅम बिघडूं लागली, तर तिचा पहिला बोभाटा बहुधा खेळच कां करतो? खेळ नाजूक असतो म्हणून नव्हे. घरच्या संगणकांत त्याच्या फाइलींची बेरीज कोणी तरी ताडून पाहतो, म्हणून. लग्नाचीं छायाचित्रें, आजीचा ध्वनिमुद्रित आवाज, घराच्या खरेदीखताची प्रत यांची खूणसंख्या सामान्यतः कोणी काढून ठेवलेली नसते. सदोष रॅममधून जातांना छायाचित्रांतील एखादा अंक उलटला, तर यंत्र कांहींही न बोलतां तें तसेंच लिहून ठेवतें. डिस्कची एखादी जागा वाचतां येईनाशी झाली, तर त्या जागेवरील फाईल उघडीपर्यंत तें समजत नाहीं. आणि जुनीं छायाचित्रें वर्षानुवर्षें कोण उघडतो? खेळ मात्र रोज उघडला जातो आणि खेळाचा हिशेब तपासला जातो. वाड्यांत चोर शिरला, कीं कुत्रें आधीं भुंकतें. तें त्रास देतें म्हणून त्याला कोंडून निजणारा गृहस्थ शहाणा म्हणतां येणार नाहीं.

म्हणून ज्या घरांत एखादा खेळ सर्व सोपस्कार करूनही पुन्हां बसत नाहीं, त्या घरांत त्या दिवसाचें पहिलें काम खेळाचें नाहीं. घरचीं छायाचित्रें आणि कागदपत्रें एका वेगळ्या डिस्कवर उतरवावींत, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटांत ठेवावी, आणि उतरविलेल्यांतील दहावीस वस्तु उघडून त्या खरोखर उघडतात कीं नाहीं हें पाहावें. न तपासलेली प्रत ही न मोजतां घेतलेल्या रकमेसारखी आहे. तेवढें झाल्यावर निवांतपणें रॅम पाहावी, डिस्क पाहावी, तार बदलावी. यांतील एखादीच वस्तु नवी घ्यावी लागली, तर सबंध यंत्राचा खर्च वाचतो. आणि मुलांची सुटी संपण्यापूर्वीं बहुधा खेळही बसतो.