अंगणात उतरलेली टिबुकली
(हीरक महोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



शाळेचा ६० वर्षांचा इतिहास आधीच्या वक्त्यांनी सांगितलाच आहे. मी बोलणार आहे ते एका पाहुणीविषयी.

गेल्या जुलैत बडोद्यात रात्रभर वादळी पाऊस झाला. सकाळी आमच्या डांबरी पटांगणात सातवीच्या मुलांना कबुतराहून लहान, तांबूस गळ्याचा, जवळजवळ बिनशेपटीचा पक्षी दिसला. उठू जाई आणि छातीवर कोसळे. "बाई, पाय मोडलेत त्याचे!" मुले म्हणाली. आमचे शिपाईकाका गुजराती, ते पाहताच उद्गारले, "आ तो डूबकी छे!"

टिबुकली! माझ्या मनात चर्र झाले. नवखी शिक्षिका असताना असाच एक पक्षी माझ्या हाती आला होता. पाय मोडले समजून मी काड्या बांधल्या, दूध-पाव भरवला. तिसऱ्या दिवशी तो गेला. पाय मोडलेच नव्हते, हे फार उशिरा वाचनात आले. टिबुकलीचे पाय शरीराच्या अगदी मागे असतात; पोहण्या-बुडण्यास उत्तम, चालण्यास गैरसोयीचे. उडण्यासाठी तिला पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. रात्री दिव्यांखाली चकाकणारे ओले डांबर तिला तळे भासते आणि एकदा उतरली की ती अडकते. दूध तर पक्ष्यांचे अन्नच नव्हे. मराठीच्या एम. ए.ला हे कोण शिकवणार, अशी सबब मी स्वतःला बरीच वर्षे सांगत आले.

या वेळी भोके पाडलेला खोका, तळाशी मऊ फडके, अंधार आणि शांतता एवढेच केले. वनखात्याला दूरध्वनी केला. मुलांना सर्वांत अवघड गेले ते खोका न उघडणे. एका मुलीने तिला शाळेच्या हौदात ठेवण्याचा हट्ट धरला. मी नकार दिला. ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

वनकर्मचाऱ्यांनी पंख तपासले. शाबूत होते. दुपारी पाणकणसांनी वेढलेल्या एका तलावाकाठी खोका आडवा केला. टिबुकली घसरत पाण्यात शिरली आणि बुडाली. ती रुसलेली मुलगीच मोठ्याने आकडे मोजू लागली. एकोणिसाव्या आकड्याला ती दूर वर आली, अंग झटकले आणि पाण्यावर पावले आपटीत धावत सुटली.