आधी वेग, मग उंची
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी गोष्ट साडेतीन मिनिटांची आहे, तेव्हा चिंता नसावी.

जानेवारी 1975. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातला ग्रँड फोर्क्स हवाई तळ. कडाक्याची थंडी. थंड हवा दाट असते, त्यात इंजिनाला जास्त जोर मिळतो, म्हणून मुद्दाम हिवाळा निवडलेला. ‘स्ट्रीक ईगल’ नावाचं एफ-15 विमान धावपट्टीवर जखडून ठेवलेलं. तोफ नाही, रडार नाही. वजन वाचवायला रंगसुद्धा दिलेला नाही. इंजिनं पूर्ण जोरात आली की बंधन तोडायचं आणि वेळ मोजायची.

3,000 मीटर उंची त्यानं 27.57 सेकंदांत गाठली. 9,000 मीटर, म्हणजे एव्हरेस्टहून अधिक, 48.86 सेकंदांत. 1 फेब्रुवारीला 30,000 मीटर, 207.80 सेकंदांत. तीन वैमानिकांनी मिळून आठ विक्रम केले.

आता गंमत ऐका. सर्वांत उंच जायचं होतं, तेव्हा विमान सरळ वर गेलंच नाही! थोडं चढून ते आडवं झालं आणि ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेग येईपर्यंत आडवंच धावत राहिलं. मग नाक वर केलं. वर हवा विरळ, इंजिनाचा जोर घटलेला. पण साठवलेला वेग उंचीत बदलत गेला. गतिज ऊर्जेची स्थितिज ऊर्जा होते, हे आपण याच शाळेत फळ्यावर शिकलो. तेव्हा ते फक्त पाच गुणांसाठी होतं.

त्या आडव्या धावेत उंचीचा काटा जागेवरच असतो. नुसता तो काटा पाहणारा म्हणेल, विमान रखडलं.

आपल्यातही काहीजण असेच ‘रखडलेले’ होते. गुणपत्रिकेत फक्त उंची दिसायची. पण इथल्या शिक्षकांनी वेगही पाहिला आणि आम्हाला धावू दिलं. आज नातवंडांच्या टक्क्यांवरून घरात आवाज चढतो, तेव्हा एवढंच आठवावं.

आणि विक्रमांचं म्हणाल, तर त्याच मे महिन्यात सोव्हिएत मिग-25च्या सुधारित विमानानं 30,000 मीटरचा विक्रम मोडला. विक्रम मोडतात, फळ्यावरचं सूत्र मात्र तेच राहतं.